संगणक बदलावा, की माणूस?

छोट्या व्यवसायांचे हिशेब आणि कामकाज यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे पाइप, फिटिंग आणि मोटारपंपांचे दुकान आहे. वार्षिक उलाढाल सुमारे दोन कोटींची असून दुकानात दोन संगणक आहेत. एकावर बिले होतात आणि दुसऱ्यावर मी हिशेब पाहतो. गेल्या वर्षभरात या संगणकांनी मला अगदी जेरीस आणले आहे. ऐन हंगामात गिऱ्हाईक समोर उभे असताना बिलाचा संगणक अडकतो आणि बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. लाइट गेली की यूपीएस दोन मिनिटेही तग धरत नाही. काही वेळा सकाळी संगणकाची तारीख आपोआप कित्येक वर्षे मागे गेलेली असते आणि त्या दिवशी जीएसटीचे संकेतस्थळही उघडत नाही. दुरुस्तीला येणारा मुलगा दर वेळी संगणक फॉरमॅट करून, म्हणजे सगळे पुसून नव्याने भरून जातो, मग महिनाभर बरे चालते. गणपतीच्या आधी तर संगणक पूर्णच बसला. हाताशी असलेला बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा निघाला. मधली सगळी बिले दिवाणजींनी आणि मी मिळून दुकानप्रतींवरून पुन्हा भरली आणि काही फिटिंगची नावेही नव्याने तयार केली.

दिवाळीत माल मोजला तेव्हा हिशेब जुळेना. एक इंची एल्बो (पाइप वळवायचे जोड) पुस्तकी शिलकीपेक्षा ३९२ नग कमी भरले, तीन इंची पाइप मात्र २६ नग जास्त निघाले आणि रोख १४,३०० रुपयांनी कमी आली. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी आपल्या नावावर उधारी जास्त दाखवली म्हणून वाद घातला. दिवाणजी आमच्याकडे अठरा वर्षे आहेत. त्यांना विचारले तेव्हा "मशीनला विचारा" एवढेच ते म्हणाले. रागाच्या भरात मी सर्व नोकरांसमोर त्यांना बोललो आणि गल्ल्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. धाकटा भाऊ पोलिसांत तक्रार द्यावी म्हणतो, तर मुलगा सगळेच नवे घ्यावे म्हणतो. मी नेमके काय बदलू : संगणक, सॉफ्टवेअर की माणूस? सोबत वस्तूंची यादी आणि भाव जोडले आहेत. कृपया नाव प्रसिद्ध करू नये.

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. माणूस बदलू नका. आपणच पाठवलेल्या आकड्यांकडे पाहून मी हे म्हणत आहे.

पहिली गोष्ट अशी की आपला माल काही ठिकाणी कमी भरला आहे, तर काही ठिकाणी जास्त. चोरी होत असेल तर माल कमी होतो. चोर दुकानात माल आणून ठेवत नाही. तूट आणि वाढ ज्या हिशेबात शेजारी शेजारी दिसतात, तिथे आधी नोंदींची चूक शोधावी, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आता एल्बोचे पाहू. आपल्या यादीप्रमाणे एक इंची एल्बोचा बॉक्स ५० नगांचा येतो. आपण किरकोळ गिऱ्हाइकाला नगावर आणि प्लंबरला बॉक्सवर विकता. सॉफ्टवेअरमध्ये या वस्तूला 'नग' हे मुख्य आणि 'बॉक्स' हे दुसरे एकक दिलेले असते, म्हणून बिलात १ बॉक्स लिहिला की शिलकीतून ५० नग वजा होतात. संगणक बसल्यानंतर आपण काही फिटिंगची नावे नव्याने तयार केली. त्या वेळी बॉक्स हे एकक जोडायचे राहून गेले असेल, तर पूर्वीच्या सवयीने लिहिलेला प्रत्येक '१' हा एक नग म्हणूनच वजा होत राहिला असणार. गोदामातून ५० नग गेले आणि पुस्तकातून एकच उतरला, म्हणजे दर बॉक्समागे ४९ नगांची तूट दिसणार. ३९२ ला ४९ ने भागून पाहा, बरोबर आठ येतात. भाव बॉक्सचाच लावलेला असल्यामुळे पैशाच्या बाजूने ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. गणपतीनंतरच्या बिलांमध्ये एक नग एल्बोला बॉक्सची किंमत लावलेली किती बिले आहेत ते मोजा. ती आठ निघाली, तर हा प्रश्न तिथेच मिटेल.

पाइपांची वाढ आणि रोखीची तूट या दोन गोष्टी आपण पत्रात वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण मला त्या एकाच चुकीच्या दोन बाजू वाटतात. यादीत तीन इंची पाइपचा भाव करासह ५५० रुपये आहे. २६ पाइपांचे १४,३०० रुपये होतात आणि आपल्या गल्ल्यात नेमके तेवढेच कमी आहेत. जे रोखीचे बिल प्रत्यक्षात एकदाच झाले ते पुस्तकात दोनदा पडले, तर पुस्तकातून माल दुप्पट उतरतो आणि पुस्तकात रोख दुप्पट चढते. मोजणीच्या दिवशी माल जास्त आणि पैसे कमी असे दिसते. हेच उधारीच्या बिलाचे झाले की गिऱ्हाईक भांडायला येते. आपल्याकडे दोघे आलेच आहेत आणि माझ्या मते ते खरे बोलत आहेत.

बिल दोनदा पडण्याची दोन कारणे आपल्याच पत्रात आहेत. पडदा अडकलेला असताना बिल जतन झाले की नाही हे कळत नाही, त्यामुळे संगणक पुन्हा चालू झाल्यावर माणूस तेच बिल परत करतो. आणि अकरा दिवसांची बिले आपण दोघांनी दोन संगणकांवर बसून भरली, तेव्हा एखादा गठ्ठा दोघांच्याही हातून गेलेला असू शकतो. त्या काळापासूनची बिलांची यादी छापून घ्या आणि तिच्यात एकाच तारखेची, एकाच रकमेची, एकाच मालाची बिले शोधा. दुहेरी बिले सापडली तर कर सल्लागारांना लगेच सांगा, कारण न झालेल्या विक्रीवर आपण करही भरला आहे. त्या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रातील अशी चूक ते वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत दुरुस्त करता येते.

आपल्या भावाने सुचवलेल्या पोलीस तक्रारीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. संगणकाचा आकडा म्हणजे सत्य, असे मानून माणसांना चोर ठरवल्याचे एक मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. तिथली पुष्कळशी छोटी पोस्ट ऑफिसे गावातल्या दुकानातच असतात आणि दुकानदारच पोस्टाचा गल्ला सांभाळतो. १९९९ पासून या पोस्टांमध्ये फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबप्रणाली बसवण्यात आली. तिच्या दोषांमुळे गल्ल्यात नसलेली तूट दिसू लागली. पोस्ट खात्याने यंत्रणा निर्दोष असल्याचे सांगितले आणि दुकानदारांना जबाबदार धरले. अनेकांनी घर गहाण टाकून ती खोटी तूट भरली, नऊशेहून अधिक जण न्यायालयात दोषी ठरले, काही तुरुंगात गेले आणि काहींनी जीवन संपवले. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने यंत्रणेतील दोषांमुळे अशी तूट येऊ शकत होती असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

त्यातला एक दोष तर आपल्या दुकानातल्यासारखाच आहे. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डलमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांची नोंद करताना पडदा अडकला. पोस्ट सांभाळणाऱ्या बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबले, ती नोंद चार वेळा पडली आणि त्यांच्या गल्ल्यात २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. त्यांनी एक पैही घेतलेली नव्हती.

आपल्याकडचा कायदाही हा प्रश्न विचारतोच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून दाखल करताना, त्या काळात संगणक नीट चालत होता, किंवा चालत नसल्यास त्याचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झालेला नाही, ही अट पुरी व्हावी लागते. जो संगणक ऐन हंगामात अडकतो, ज्याची तारीख मागे जाते आणि जो अकरा दिवस हरवून बसला, त्याच्याविषयी आपण असे लिहून देऊ शकाल का? मला तरी ते शक्य दिसत नाही.

आता यंत्रांकडे वळू. सगळे नवे घेण्याची घाई मुलाने करू नये, कारण आपल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी थोड्या पैशांत मिटणाऱ्या आहेत.

तारीख मागे जाते याचे सर्वांत संभवनीय कारण मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी. तिला सीआर २०३२ म्हणतात, ती तीन व्होल्टची असते आणि शंभर रुपयांच्या आत मिळते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम असते. ती संपली आणि रात्री मुख्य स्विच बंद केला की सकाळी तारीख मागे गेलेली दिसते. जीएसटीचे संकेतस्थळ न उघडण्याचे कारणही बहुधा हेच असावे. ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो आणि तारीख चुकीची असली की संकेतस्थळ अडवतो. जी सॉफ्टवेअर संगणकाचीच तारीख उचलतात त्यांच्यात अशा सकाळची बिले भलत्याच वर्षात जाऊन बसतात आणि त्या दिवसाच्या रोजकीर्दीत दिसत नाहीत. म्हणून अशी हरवलेली बिलेही एकदा शोधून पाहा.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत निकामी होते. ती बदला, पण त्याआधी यूपीएसला काय काय जोडले आहे ते पाहा. लेझर प्रिंटर त्यावर असेल तर आजच काढा. कागद तापवताना तो एकदम इतका भार घेतो की छोटा यूपीएस मान टाकतो आणि चालू असलेला संगणक त्याच्यासोबत बंद पडतो. आपल्या दुकानात पाइप कापण्याचे यंत्र किंवा दाखवण्यासाठी जोडलेला मोटारपंप संगणकाच्याच लाइनवर असेल, तर वायरमनला बोलावून संगणकांची लाइन वेगळी करून घ्या. त्याच वेळी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे का, तार गंजली आहे का, न्यूट्रलचा जोड सैल आहे का, हे पाहावे लागेल. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी आणि मीठ घालण्याची जुनी पद्धत आपल्या भागात अनेकांनी सोडून दिली आहे, याचे मला वाईट वाटते.

दर वेळी फॉरमॅट करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. हार्ड डिस्कचे काही भाग खराब झाले असतील तर फॉरमॅट केल्याने ते बरे होत नाहीत. महिनाभर बरे चालते आणि पुन्हा तेच सुरू होते, हे त्याचेच लक्षण वाटते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते आणि ती वाचणारी मोफत साधने मिळतात. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला ती नोंद दाखवायला सांगा. खराब भागांचा आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवर एक दिवसही विसंबू नका. हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) घालून घेतलीत तर जुना संगणकही चांगला चालू लागेल. दोन्ही संगणक एकाच हिशेबावर काम करतात, म्हणून त्यांच्यामधली जोडणी वाय-फायऐवजी केबलने करा. बिल जतन होत असतानाच वाय-फाय तुटले तर नोंद अर्धवट राहण्याची भीती असते.

सॉफ्टवेअर या हंगामात बदलू नका. चुकीची शिल्लक जशीच्या तशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, तर चूक कुठे झाली हे शोधण्याचा मार्गच बंद होईल. बदलायचेच असेल तर आधी माल मोजून शिल्लक दुरुस्त करा आणि १ एप्रिलला नव्याने सुरुवात करा.

बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा असणे ही चूक दिवाणजींची किंवा यंत्राची नसून मालक म्हणून आपली आहे, हे मी स्पष्ट लिहितो. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणेही संगणकीय नोंदींचा असा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे, ज्यावरून अपघातानंतर वाजवी वेळेत माहिती परत उभी करता येईल. दोन पेनड्राइव्ह घ्या आणि दुकान बंद करताना एक दिवस एकावर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर प्रत घ्या. त्या दिवशीचा पेनड्राइव्ह घरी न्या, संगणकाला लावून ठेवू नका. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर वेगळ्या नावाने उघडून पाहा, कारण पुष्कळांकडे बॅकअप असतो पण गरज पडते तेव्हा तो उघडत नाही.

संगणक अडकला तरी गिऱ्हाइकाला थांबवू नये यासाठी छापील बिलबुक ठेवा. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे अनुक्रमांक एकापेक्षा अधिक मालिकांत ठेवता येतात. क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती होऊ नये, एवढे पाहावे लागते. संगणकाच्या बिलांना एक आद्याक्षर आणि हातबिलांना दुसरे द्या, आणि हातबिले त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या मूळ क्रमांकाने संगणकात चढवा. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्यामुळे आपल्याला ई-इनव्हॉइसचे, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद करण्याचे, बंधन नाही, ही यात मोठी सोय आहे. पडदा अडकला की कुणीही दुसऱ्यांदा एंटर दाबायचे नाही, हातबिल करायचे आणि संगणक चालू झाल्यावर आधीचे बिल पडले आहे का ते पाहायचे, असा नियम काउंटरवर लिहून लावा.

बिलबुकाशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा. संगणक कधी अडकला, त्या वेळी लाइट होती का, प्रिंटर चालू होता का आणि शेवटचे बिल कोणत्या क्रमांकाचे होते, हे त्याच क्षणी तिच्यात लिहायचे. महिन्याभरात ती वही दुरुस्ती करणाऱ्यापुढे ठेवलीत तर "काही नाही, व्हायरस असेल" असे सांगून त्याला सुटता येणार नाही.

ही वही दिवाणजींच्या हाती द्या, अशी माझी विनंती आहे. आपल्या दुकानात आज विश्वासार्ह म्हणावा असा एकच पुरावा शिल्लक आहे आणि तो म्हणजे त्यांनी जपून ठेवलेल्या बिलांच्या दुकानप्रती. त्या नसत्या तर अकरा दिवसांचा धंदा कायमचा पुसला गेला असता. ज्याला चोरी करायची आहे तो माणूस कागद इतक्या नेटाने सांभाळत नाही. "मशीनला विचारा" हे त्यांचे उत्तर आपल्याला उद्धट वाटले असेल. मला वाटते, त्यांना दोष कुठे आहे हे ठाऊक होते, पण संगणकाच्या भाषेत तो मांडता येत नव्हता. आठ बॉक्सची आणि २६ पाइपांची ही पडताळणी त्यांच्या शेजारी बसून करा. ज्या नोकरांसमोर आपण त्यांना बोललात, त्याच नोकरांसमोर किल्ल्या परत द्या. पडताळणी संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण त्या काढून घेण्याइतका पुरावा आपल्याकडे तेव्हाही नव्हता.

प्रश्न : म्हापशात माझी छोटी बेकरी आहे. बिलाचे सॉफ्टवेअर पूर्णपणे इंटरनेटवर चालते आणि वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली आहे. पावसाळ्यात इंटरनेट सारखे जाते आणि सकाळी सहा ते आठ या गर्दीच्या वेळी बिलेच होत नाहीत. कंपनीचा मदत क्रमांक लागत नाही. सोडून द्यावे म्हटले तर तीन वर्षांची माहिती त्यांच्याकडे अडकून पडेल अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, माहिती आपली आहे, म्हणून ती आधी हाती घ्या. अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये विक्री, खरेदी आणि गिऱ्हाइकांची खाती एक्सेलच्या स्वरूपात उतरवून घेता येतात. हे काम वर्गणी संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात करा आणि पुढे दर महिन्याच्या १ तारखेला करत जा. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे कंपनी बदलली तरी जुनी माहिती आपल्यापाशी असलीच पाहिजे. इंटरनेट गेले म्हणतो तेव्हा अनेकदा फक्त राउटरची वीज गेलेली असते. राउटरसाठी छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो घ्या. जोडीला मोबाइलचे इंटरनेटही ठेवा. त्याचे कार्ड मात्र तारेचे इंटरनेट देणाऱ्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचे असावे, म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे चालेल.

सकाळच्या गर्दीपुरती एक सोय कायद्यातच आहे. गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी नसलेले असेल, रक्कम २०० रुपयांपेक्षा कमी असेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर प्रत्येकाचे वेगळे बिल न करता दिवसाअखेर सर्वांचे मिळून एक बिल करता येते. पाव नेणाऱ्या गिऱ्हाइकांची रक्कम बहुधा यातच बसेल. त्यांच्यासाठी काउंटरवर पाव, केक आणि बिस्किटे अशा तीन रकान्यांचा कागद ठेवा आणि विक्री होईल तशी त्यावर नोंद करत जा. पावावर जीएसटी नाही आणि केकवर आहे, म्हणून हे रकाने वेगळे ठेवणे आवश्यक आहे. आठनंतर इंटरनेट आले की त्या कागदावरून नोंद करावी आणि कागद तारीख घालून फाइलला लावावा.